तारेखालची शिडी

शहरात ट्राम होती त्या काळात आगीच्या बंबाला दोन गोष्टींशी सामना करावा लागे. एक आग आणि दुसरी ट्रामची तार. आग काही रोज लागत नसे. तार मात्र रोज तिथेच असे, रुळांच्या वर अठरा फुटांवर, दोन्ही बाजूंच्या खांबांना ताणून बांधलेली. मोठ्या रस्त्यावर तीन-तीन, चार-चार मजली इमारती होत्या. त्यांच्या सज्जांपासून जवळची तार अकरा फुटांवर यायची. त्या अकरा फुटांत पंचेचाळीस फुटी शिडी उभी करायची, हे बंबखान्यातल्या सहा माणसांचं काम होतं आणि त्या सहांना हाकणाऱ्या माणसाला सगळे शिडीमास्तर म्हणत. पुढे नुसतं मास्तर.

शिडी लाकडी होती. तीन भाग एकात एक सरकणारे, कडेने लोखंडी ताण, भाग वर चढवायला पोलादी दोर आणि बुडाशी माणसाच्या छातीएवढी दोन चाकं. बंबाच्या मागे ती आडवी लटकवून न्यायची, जागेवर उतरवायची, ढकलत भिंतीपाशी आणायची. मग बुडावर चौघांनी लोंबकळायचं, की चाकांच्या आसावर ती तराजूसारखी फिरे आणि शेंडा वर जाई. शेंडा वर जाताना तारेच्या उंचीतून जाई. सगळा घोळ तिथे होता.

मास्तर बावन्न वर्षांचे होते आणि त्यातली सव्वीस वर्षं या शिडीबरोबर गेली होती. दर शनिवारी ते तिला जवसाचं तेल लावत आणि लाकडी हातोडीने एकेक पायरी ठोकून आवाज ऐकत. रंग त्यांनी कधी लावू दिला नाही. रंगाखाली चीर दिसत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांची बायको शेजारणींना सांगे, "आमच्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. माझ्या गुडघ्याला एवढं तेल लागलं असतं तर मी आज धावले असते."

तारेबद्दल मास्तरांचा एक नियम होता. तो कुठल्याही पुस्तकात नव्हता. अकरा वर्षांपूर्वी एका गोदामाच्या आगीत ट्रामच्या तारवाल्याने लांबून ओरडून सांगितलं होतं, की वीज बंद केली. ती बंद केलेलीही होती. पण पाळी बदलायची वेळ झाली, दुसरा तारवाला आला, त्याला कोणी काही सांगितलं नाही आणि त्याने कळ वर केली. शिडी पाण्याने भिजलेली होती आणि तारेला टेकली होती. उजव्या चाकावरचा माणूस दहा फूट लांब फेकला गेला. तो वाचला, पण हाताची दोन बोटं आखडली ती आखडलीच, आणि तेव्हापासून तो बंबखान्यात टेलिफोनवर बसतो. त्या दिवसानंतर मास्तरांनी आणि पेटीवर नव्याने नेमलेल्या तारवाल्याने आपसात ठरवलं: तारवाल्याने रस्त्यावरची विजेची पेटी उघडायची, कळ खाली ओढायची, पेटीला कुलूप घालायचं आणि चालत येऊन किल्ली मास्तरांच्या हातात ठेवायची. किल्ली हातात पडल्याशिवाय शिडी उचलायची नाही. शिडी खाली आल्याशिवाय किल्ली परत द्यायची नाही. ओरडणं नाही, खुणा नाहीत. दुधाने तोंड पोळलं होतं, आता ताकही फुंकून प्यायचं.

अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं. मधल्या काळात तारवाल्याच्या मुलाशी मास्तरांच्या लेकीचं लग्न झालं, आणि किल्ली देणारा आणि घेणारा एकमेकांचे व्याही झाले.

मग नवे साहेब आले. ते मोठ्या शहरातून आले होते, वय चाळिशीच्या आत, बोलणं नेमकं. दहा महिन्यांत त्यांनी बंबखान्याच्या छपरांची गळती थांबवली, हे त्यांच्याबद्दल नोंदवायला हवं. अकराव्या महिन्यात त्यांनी कारखान्याकडून एक पोलादी शिडी पसंतीसाठी मागवली. ती मोटारीच्या पाठीवर बसवलेली होती आणि यंत्राने वर जायची. नगरपालिकेच्या समितीने सांगितलं, आधी दोन्ही शिड्यांची चाचणी घ्या. चाचणी मोठ्या रस्त्यावर, मंगळवारी सकाळी. बंब थांबल्यापासून पाच मिनिटांत तिसऱ्या मजल्याच्या सज्जात माणूस पोचला पाहिजे. लाकडी शिडीला ते जमलं नाही तर ती मोडीत, तिचे सहा जण निरनिराळ्या चौक्यांवर आणि मास्तर गोदामात, बादल्या मोजायला.

"लाकडाचा जमाना गेला, मास्तर," साहेब म्हणाले.

"जमाना गेला असेल, साहेब. लाकूड आहे अजून," मास्तर म्हणाले.

पाच मिनिटं पुरेशी होती. मास्तरांनी सहा जणांना घेऊन मागच्या पटांगणात आठवडाभर सराव केला. शिडी उतरवणं, नेणं, उभी करणं, लांबवणं आणि वर चढणं मिळून तीन मिनिटं. किल्ली यायला एक. डाव्या चाकावरचा माणूस, ज्याला सगळे डाव्या म्हणत, तो दर वेळी घड्याळ बघून म्हणे, "एक मिनिट उरलंय, मास्तर. वर चहा घेऊन उतरू."

चाचणीच्या आधीच्या रविवारी व्याही जेवायला आले. हात धुवून बसताबसता म्हणाले, "अहो व्याही, परवा माझ्यामुळे शिडी हरली तर लेकीला माहेरी बोलावून घ्याल की काय?"

"लेकीला कशाला? ती चांगली आहे. तुम्हाला पाठवीन कुठेतरी."

"गोदामात पाठवा. तुमच्या शेजारी बसून बादल्या मोजतो." मग व्याही ताटाकडे बघत म्हणाले, "मी काय म्हणतो, मी आधीपासून पेटीपाशीच उभा राहतो. घंटा ऐकली की कळ ओढतो आणि हात वर करतो. तुम्ही लगेच शिडी उचला. किल्ली काय, मागून आणून देतो. मिनिटभर वाचेल."

"नको."

"अहो, मीच आहे ना तिथे. परका आहे का कोणी?"

"परका असता तर इतका वेळ बोललोही नसतो," मास्तर म्हणाले. "किल्ली हातात."

मास्तरांची बायको वाढत होती. ती म्हणाली, "घ्या. माझ्याशी लग्न ठरवतानासुद्धा यांनी माझ्या वडिलांकडून लिहून घेतलं होतं." सगळे हसले आणि तो विषय तिथेच संपला.

मंगळवारी सकाळी नऊ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी बंब मोठ्या रस्त्यावर एका चार मजली इमारतीसमोर थांबला. पदपथावर साहेब होते, समितीचे तिघे होते आणि गळ्यात घड्याळ अडकवलेला एक कारकून होता. बघ्यांची गर्दी रस्त्याच्या दोन्ही कडांना होती. रुळांवर एक ट्राम अडवून ठेवलेली होती. तिचा चालक आपल्या जागेवर उभा राहून मजा बघत होता. त्याच्या डोक्यावर, ट्रामच्या छताला एक लहान दिवा होता, तारेत वीज असली की तो लागायचा.

सहा जणांनी शिडी चाळीस सेकंदांत उतरवली. तेवढ्यात शंभर पावलांवरच्या पेटीपाशी व्याह्यांनी कळ ओढली, कुलूप घातलं आणि ते गर्दीतून वाट काढत निघाले. शिडी भिंतीपाशी, तारेच्या खाली, तिरपी तयार राहिली. चौघांनी बुडाला हात घातले.

"दिवा गेला!" ट्रामचालक वरून ओरडला. "गेला दिवा, चढवा!"

"मास्तर," डाव्या म्हणाला.

मास्तरांनी उजवा हात पुढे केला, तळवा वर. नजर गर्दीकडे.

"मास्तर, दिवा गेलाय. तार मेलीय. आपल्या डोळ्यांनी दिसतंय."

"दिसतंय."

"मग? हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

पदपथावरून साहेबांनी आवाज दिला, "कसली वाट बघताय?"

"किल्लीची, साहेब."

समितीतल्या एकाने दुसऱ्याकडे बघितलं. कारकुनाने घड्याळाकडे बघितलं. व्याही आता दिसू लागले होते, डोक्यावरची टोपी एका हातात, किल्ली दुसऱ्या हातात, एका जाड माणसाला खांद्याने बाजूला सारत. वीस पावलं राहिली असतील. तेव्हा बरोबर दहा वाजले आणि ट्रामचालकाच्या डोक्यावरचा दिवा पुन्हा लागला.

या वेळी चालक ओरडला नाही. तो हळूच म्हणाला, "आला की परत."

काय झालं होतं ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. ट्राम कंपनीने बाजाराच्या बाजूने नवी वाहिनी ओढली होती, म्हणजे याच तारेला दुसऱ्या टोकाकडूनही वीज मिळणार होती. ती कधी सुरू करायची याचा हुकूम कंपनीच्या कचेरीतून थेट बाजाराच्या पेटीवरच्या माणसाला गेला होता: मंगळवार, सकाळी दहा. चाचणीचं पत्र कचेरीत दुसऱ्या टेबलावर होतं. दोन्ही टेबलांमध्ये एक कपाट होतं.

शिडी दिवा गेल्यावर उचलली असती, तर दहा वाजता तिचा शेंडा नेमका तारेच्या उंचीवर असता. तो तारेला लागलाच असता असं नाही. लागला असता तर काय झालं असतं, ते टेलिफोनवर बसणाऱ्या माणसाची बोटं बघून ज्याने त्याने ठरवावं. बुडाला धरलेल्या चौघांनी आपले हात काढून घेतले, कोणी सांगितलं नसताना. डाव्याने तळवे विजारीला पुसले.

व्याह्यांनी वीस पावलांवरून दिवा बघितला. क्षणभर ते हातातल्या किल्लीकडे बघत राहिले. मग त्यांनी पाठ फिरवली आणि बाजाराच्या दिशेने पळत सुटले. छप्पन्न वर्षांचा, पोट सुटलेला माणूस. गर्दीतून कोणीतरी शीळ घातली. समितीतले एक सदस्य म्हणाले, "हा कुठे चालला?"

बाजाराची पेटी तीनशे पावलांवर होती. तिथल्या माणसाला वरून हुकूम होता, आणि तो मोडायला त्याला लेखी हुकूम हवा होता. व्याह्यांनी त्याला काय सांगितलं ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. पण दिवा पुन्हा गेला, आणि त्यानंतर दीड मिनिटाने व्याही परतले. श्वास लागलेला, शर्टाचं एक बटण तुटलेलं. त्यांनी मास्तरांच्या तळव्यावर एकामागोमाग दोन किल्ल्या ठेवल्या.

"ही... आपली," ते धापा टाकत म्हणाले. "आणि ही... त्यांची."

"बसा आता," मास्तर म्हणाले, आणि सहा जणांकडे वळून, "उचला."

शिडी उभी राहिली, लांबली, आणि माणूस तिसऱ्या मजल्याच्या सज्जात पोचला, तेव्हा कारकुनाच्या घड्याळात नऊ मिनिटं चाळीस सेकंद झाले होते. कारकुनाने तेवढं लिहिलं. त्याच्या कागदावर वेळेचा रकाना होता. दुसरा कुठलाच नव्हता.

मग पोलादी शिडीची मोटार पुढे आली. तारा मेलेल्याच होत्या, दोन्ही किल्ल्या मास्तरांच्या खिशात होत्या. कारखान्याच्या मेकॅनिकने दांडा ओढला आणि शिडी गुरगुरत वर गेली. दोन मिनिटं पन्नास सेकंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या खऱ्या होत्या, शिडीसुद्धा चांगली होती.

दुपारी तीनला साहेबांनी मास्तरांना खोलीत बोलावलं. टेबलावर टाइप केलेला अहवाल होता. खाली तीन सह्यांची जागा: साहेब, कारकून आणि शिडीचा प्रमुख.

"बसा," साहेब म्हणाले. "वाचून घ्या. चूक तुमची नाही, हे मला माहीत आहे. पण आकडे आकडे असतात."

मास्तरांनी वाचलं. सावकाश वाचलं, बोट ठेवून.

"नव्या शिडीचं घड्याळ कधी सुरू केलंत, साहेब?"

"मोटार थांबली तेव्हा."

"तार तेव्हा बंद होती."

साहेब लबाड नव्हते. त्यांनी एवढ्या बाजूने विचार केला नव्हता, आणि आता ते तो करताहेत हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ते म्हणाले, "तुम्हाला शेरा लिहायचा हक्क आहे. लिहिलात तर समिती पुन्हा चाचणी घेईल. दोन-तीन महिने जातील. खरं सांगायचं तर त्या चाचणीत तुम्ही पाच मिनिटांच्या आत याल. मलाही ठाऊक आहे."

मास्तरांनी अहवाल टेबलावर ठेवला. पुन्हा चाचणी म्हणजे शिडी राहील, आणि सहा जण राहतील. दोन वर्षं, फार तर तीन. मग दुसरी पोलादी शिडी येईल. लाकूड कोरडं असलं तर विजेपासून माणसाला थोडी तरी सूट देतं. पोलाद देत नाही.

"नव्या शिडीचं माहितीपुस्तक आलंय ना?" त्यांनी विचारलं.

"आलंय."

"त्यात तारेबद्दल काय लिहिलंय?"

"काही नाही. ते कारखान्याचं पुस्तक आहे. कारखान्यात ट्राम नसते."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे किल्लीचं कुठेच काही लेखी नाही, मास्तर. शोधलं मी. ती तुमच्या दोन घरांमधली गोष्ट आहे." साहेबांनी पेन उचललं, परत ठेवलं. "आणि समितीचं मत असं आहे, की उशीर त्या किल्लीमुळेच होतो. तारवाल्याने इशारा करावा, बस."

"तारवाल्याने आज इशारा केला असता, तर तो खरा असता," मास्तर म्हणाले. "मिनिटभर खरा."

बाहेर पटांगणात कोणीतरी बादली आपटली.

"आपल्या बंबखान्याच्या हुकूमपुस्तकात लिहा," मास्तर म्हणाले. "तुमच्या सहीने. तारेला जितक्या पेट्या वीज देतात तितक्यांच्या किल्ल्या शिडीच्या प्रमुखाच्या हातात आल्याशिवाय शिडी उचलायची नाही. शिडी खाली आल्याशिवाय परत द्यायच्या नाहीत. ते लिहा, मी इथे सही करतो. शेरा नाही."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर शेरा लिहितो. माझं अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. "तुमची शिडी जाईल, मास्तर. हे कळतंय ना? उद्या माझ्याकडे येऊन रडायचं नाही."

"आज सकाळी नाही रडलो."

साहेबांनी पुस्तक काढलं. पहिल्या मसुद्यात त्यांनी लिहिलं, 'किल्ल्या प्रमुखाला मिळाल्याची खात्री झाल्यावर.' मास्तरांनी ते खोडायला लावलं. खात्री वगैरे नको, हातात. साहेबांनी 'हातात' लिहिलं, तारीख घातली, सही केली, शिक्का मारला. मास्तरांनी शाई वाळेपर्यंत वाट बघितली. मग अहवाल ओढून घेतला आणि तिसऱ्या जागी आपलं नाव लिहिलं.

बाहेर सहा जण उभे होते. मास्तरांनी त्यांना जसं झालं तसं सांगितलं, काही न लपवता.

"म्हणजे पुन्हा चाचणी मिळत होती?" डाव्याने विचारलं.

"मिळत होती."

"आणि तुम्ही नको म्हणालात."

"हो."

"आम्हाला विचारलं नाहीत."

"नाही विचारलं."

डाव्या पाठ फिरवून कपडे बदलायला गेला. त्याची बदली नदीपलीकडच्या चौकीवर झाली. जाताना त्याने बाकी सगळ्यांचा निरोप घेतला. मास्तरांचा घेतला नाही. मास्तरांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. डाव्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

व्याह्यांना ट्राम कंपनीने नोटीस दिली होती, आपली पेटी सोडून दुसऱ्याच्या पेटीत हात घातल्याबद्दल. हुकूमपुस्तकाची नक्कल कंपनीकडे गेल्यावर ती नोटीस मागे घेतली नाही, पण पुढेही नेली नाही. फायलीत पडून राहिली. व्याही म्हणाले, "माझ्या नावाने कंपनीत एवढीच एक फाईल आहे. राहू दे."

मास्तर गोदामात गेले. तिथे ते सहा दिवस होते. बादल्या दोनशे चौदा निघाल्या, त्यातल्या एकोणीस गळक्या.

सातव्या दिवशी साहेब स्वतः गोदामाच्या दारात आले. पोलादी शिडीला कारखान्याच्या हिशेबाने दोन माणसं पुरत होती, एक मोटार हाकणारा आणि एक दांडे ओढणारा. प्रमुख असा कोणी नव्हता. आणि साहेबांच्याच सहीच्या नियमात लिहिलं होतं, की किल्ल्या प्रमुखाच्या हातात द्यायच्या.

"तुमच्या त्या कलमाला एक माणूस लागतो," साहेब जरा चिडून म्हणाले. "हे तुम्ही आधीच धरून चालला होतात का?"

"नाही, साहेब," मास्तर म्हणाले. ते खरं होतं.

"मग चला. मेकॅनिक परवा परत जाणार आहे. तोपर्यंत काय शिकायचं ते शिकून घ्या."

पटांगणात पोलादी शिडी लाल रंगात चमकत उभी होती. मास्तर तिच्याभोवती एक फेरी मारून आले. पायऱ्यांवर बोटाच्या पेराने टकटक करून बघितलं. सगळ्यांचा आवाज सारखाच आला, त्यातून काही कळलं नाही. मेकॅनिक पंचविशीतला होता, सकाळपासून त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

"हिला धरायचं कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"धरायचं नाहीच, काका. हा दांडा मागे ओढला की वर."

"आणि खाली?"

"तोच पुढे ढकलायचा."

"आणि वर माणूस असताना दांडा अडकला तर?"

मेकॅनिकने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. मग तो वाकला आणि बाजूच्या पत्र्याचे स्क्रू काढू लागला. मास्तरांनी बाह्या वर केल्या आणि ते त्याच्या शेजारी उकिडवे बसले.